डीपीवरची कवटी

आमच्या आळीच्या तोंडाशी विजेचा डीपी होता. भोवती तारेची जाळी, जाळीच्या दाराला गंजून गेलेलं कुलूप आणि दारावर पत्र्याचा बोर्ड. पांढऱ्या रंगावर लाल कवटी, तिच्याखाली फुली मारल्यासारखी दोन हाडं आणि वर ठळक अक्षरांत 'धोका'. शाळेत जाता-येता दोनदा, मधल्या सुट्टीत घरी जेवायला आले तर चारदा, ती कवटी मला भेटायची. तिची भीती वाटल्याचं आठवत नाही. आठवतात ते तिचे पांढरे डोळे. चेहरा सगळा लाल आणि डोळ्यांच्या जागी, नाकाच्या जागी मात्र नुसता मागचा पांढरा पत्रा. तिथे रंग पोचला नव्हता, म्हणूनच ते डोळे झाले होते.

एका दुपारी ती कवटी मी दगडी पाटीवर काढायला बसले आणि अडले. चेहरा जमत होता. पण जो डोळा रंगाऱ्याने काढलाच नव्हता, तो मी कसा काढायचा?

आजी आली, पाटीकडे बघितलं आणि ओल्या हाताने पुसून टाकली. रागावली नाही. "असलं घरात काढू नये, बाई," एवढंच म्हणाली आणि पाटी माझ्या हातात परत दिली.

त्याला आता चाळीसेक वर्षं होतील. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात कवट्या करते. लिनोवर, शाडूत, कागदाच्या लगद्यात, करवंटीवर, एकदा साखरेतसुद्धा. जिथे जाईन तिथे शोधतेही. लेण्यांत, चर्चच्या फरशीत, कीटकनाशकाच्या डब्यावरच्या लाल त्रिकोणाच्या वरच्या अंगाला. लोक विचारतात, हेच का? फुलं आहेत, पक्षी आहेत, गणपती आहेत. खरं सांगायचं तर मला मरणाचं वेड नाही. मला त्या न काढलेल्या डोळ्याचं वेड आहे.

कॉलेजात पहिल्या वर्षाला प्लास्टरची कवटी होती. इतक्या वर्षांच्या मुलांचे हात लागून तिच्या सगळ्या कडा बोथट झालेल्या. तिच्यावरून काढलेली माझी चित्रं कवटीची कमी आणि भोपळ्याची जास्त वाटायची. खरी कवटी हातात आली ती मावसभावामुळे. तो एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला होता आणि त्याने सीनियरकडून बोनसेट, म्हणजे अभ्यासासाठीचा खऱ्या हाडांचा संच, घेतला होता. पिशवीत भरून तो पलंगाखाली ठेवलेला असायचा. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा मी त्याच्या मागे लागून चार रात्री ती कवटी मागून घेतली. आजीला कळू दिलं नाही.

पहिल्यांदा जाणवलं ते वजन. वाटलं होतं त्यापेक्षा खूपच हलकी. रंग पांढरा नव्हताच. जुन्या हस्तिदंती फणीसारखा पिवळट, मधेमधे चहा सांडून वाळल्यासारखे डाग. स्नायू कुठे सुरू होतात आणि कुठे चिकटतात हे पाठ करायला कुणी लाल-निळ्या शाईने खुणा केल्या होत्या, त्या पुसट झाल्या होत्या. डोळ्यांच्या खोबणी गोल नसतात, हे मला त्या रात्री कळलं. त्या कोपरे घासलेल्या चौकोनासारख्या असतात आणि बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरतात. म्हणून प्रत्येक कवटी थोडी दमलेली दिसते. नाकाच्या जागी पत्त्यांतल्या उलट्या बदामासारखं एक भोक असतं, कारण आपण ज्याला नाक म्हणतो ते बहुतेक सगळं कूर्चेचं असतं आणि ते माणसाबरोबर जातं. कवटीची हाडं २२. खालचा जबडा सोडला तर बाकीची एकमेकांत घट्ट अडकलेली, आणि सांध्यांची ती नागमोडी रेघ अशी की कुणी म्हातारीने दिव्याच्या उजेडात गोधडीला टाके घालावेत. माथ्यावर जिथे दोन शिवणी मिळतात, तिथे बोट ठेवलं आणि चटकन लक्षात आलं, ही टाळू. इथेच लहानपणी आजीने तेल जिरवलं. जन्मल्यावर वर्ष-दीड वर्ष हाड इथे मिटलेलं नसतं, खालची धडधड बोटाला लागते, आणि म्हणून आपल्याकडे बायका म्हणतात, "टाळू भरली का?"

मग ती दाढ दिसली. म्हणजे नसलेली दाढ. डाव्या बाजूला, मागून दुसरी. तिच्या जागेचं हाड भरून येऊन गुळगुळीत झालं होतं. माणूस मेल्यावर दात गळला तर खाच तशीच राहते. हाड भरून यायला माणूस जिवंत असावा लागतो. म्हणजे ही दाढ त्याच्या हयातीत पडली किंवा काढली. म्हणजे काही रात्री हा माणूस गाल धरून बसला असणार. गालाशी लवंग धरली असेल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या असतील. माझी पेन्सिल थांबली. तोवर मी एक वस्तू काढत होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत टांगलेले कितीतरी सांगाडे एकेकाळी कोलकात्याहून गेलेले होते. १९८५ साली भारत सरकारने मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली तोवर हा धंदा राजरोस चालायचा. ज्यांची ती हाडं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बहुतेक सगळे गरीब. तेव्हापासून मी खरी कवटी समोर ठेवून काम केलेलं नाही. त्या चार रात्रींची चित्रं आणि हातात राहिलेली आठवण, एवढ्यावर माझं आजवर भागलं आहे.

लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र, मला सर्वांत जवळचा. त्याचं गणित उलटं आहे. जे कोरून काढाल ते कागदावर कोरं राहतं, जे ठेवाल ते शाई घेतं. पांढरी कवटी हवी असेल तर कपाळ, गालाची हाडं, जबडा हे सगळं हाड कोरून टाकायचं. शिल्लक ठेवायची ती फक्त पोकळी. दोन खोबणी, नाकाचं भोक, दातांमधल्या फटी. म्हणजे तुकड्यावर हाताने जपलेलं असं जे काही असतं, ते कवटीत नसलेलंच असतं.

लिनोचा तुकडा आधी उन्हात ठेवायचा. थंड लिनो तडकतो, कोपऱ्याकोपऱ्याने उडतो. ऊन लागल्यावर लोण्यासारखा कापला जातो. बारीक रेघेला व्हीच्या तोंडाची कोरणी, मोठा भाग साफ करायला यूच्या तोंडाची. दुसरा हात कधीही कोरणीच्या पुढे ठेवायचा नाही, ही गोष्ट मी मुलांना दर तासाला सांगते. माझ्या डाव्या अंगठ्यावरचा व्रण दाखवूनच सांगते. शाई काचेवर रोलरने पसरायची. ती बरोबर पसरली की आवाज बदलतो, चिकट चर्र असा बारीक आवाज येतो. तो आला की कागद ठेवायचा आणि वरणाच्या पळीच्या पाठीने सगळीकडून घासायचं. छापखान्याचा दाब माझ्याकडे नाही, पळी आहे. मग कागदाचं एक टोक उचलायचं. त्या क्षणाला आजही माझा श्वास अडकतो. काळ्या शाईतून दोन खोबणी वर येतात आणि डीपीवरच्या कवटीचे पांढरे डोळे इतक्या वर्षांनी काळे होतात.

छापचित्रातल्या कवटीचं नाव काढलं की होसे ग्वादालुपे पोसादाला हात जोडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १८५२ साली मेक्सिकोतल्या आग्वासकालिएन्तेस इथे जन्मलेला हा माणूस मेक्सिको सिटीत वानेगास आरोयो या प्रकाशकासाठी रस्त्यावर विकायच्या स्वस्त पत्रकांची चित्रं करायचा. त्याने जस्ताच्या पत्र्यावर केलेलं एक चित्र साऱ्या जगाला ठाऊक आहे. मोठ्या घेराची, पिसांनी आणि फुलांनी लगडलेली फ्रेंच टोपी घातलेली कवटी. आज तिला 'ला कात्रिना' म्हणतात. पोसादाच्या पत्रकावर तिचं नाव होतं 'गार्बान्सेरा'. गार्बान्सो म्हणजे चणे. आपलं मूळनिवासी रक्त लपवून युरोपी बाईचा थाट करू पाहणाऱ्या चणेवालीला हे नाव चिकटलं होतं. टोपी आहे, अंगावर कपडा नाही, आणि टोपीखाली जे आहे ते सगळ्यांचं सारखंच. कात्रिना हे नाव तिला पुढे मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराकडून मिळालं. १९४७ साली पुऱ्या झालेल्या आपल्या भित्तिचित्रात त्याने तिला अंगभर पोशाख दिला, मधोमध उभं केलं, एका बाजूला पोसादा आणि दुसऱ्या बाजूला तिचा हात धरलेला लहानगा रिवेरा.

पोसादा मात्र १९१३ च्या जानेवारीत गरिबीत गेला. गरिबांसाठीच्या जागेत त्याला पुरलं, आणि काही वर्षांत कुणी वारस पुढे आला नाही म्हणून त्याची हाडं काढून सामाईक खड्ड्यात टाकली. ज्याने सबंध देशाला आपल्या कवटीकडे बघायला शिकवलं, त्याची स्वतःची कवटी कुठली हे कुणाला सांगता येणार नाही. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी त्याच्या कात्रिनाची नक्कल लिनोवर करत होते. टोपीची पिसं कोरायची राहिली होती. दोन दिवस हात लावला नाही.

मेक्सिकोतच, नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांचा सण असतो, आणि घरोघरी मांडलेल्या आराशीत साखरेच्या कवट्या ठेवतात. तोलुका शहर त्यासाठी प्रसिद्ध. उकळलेला पाक मातीच्या साच्यात ओततात, बाहेरचा थर धरला की आतला पातळ पाक उलटा करून काढून घेतात. राहते ती पोकळ साखर. मग तिच्यावर रंगीत नक्षी आणि कपाळावर नाव. मेलेल्याचं, किंवा चक्क जिवंत मित्राचंही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावातले गाठीवाले काका आठवले. शिमग्याच्या सुमाराला लाकडी साच्यात दोरा घालून, वरून पाक ओतून पाडव्याच्या गाठ्या पाडणारे. मी त्यांच्याकडे शाडूचा भाजलेला साचा घेऊन गेले. कशाचा आहे ते बघून ते थोडा वेळ गप्प राहिले, मग साचा पाण्यात बुडवला आणि म्हणाले, "भिजवल्याशिवाय साखर सोडत नाही, ताई." पहिल्या दोन फुटल्या. तिसरी निघाली, नखाएवढ्या जाडीची, आतून सगळी मोकळी. उजेडासमोर धरली तर खोबणींच्या जागी साखर पातळ होती आणि तिथून केशरी उजेड यायचा. तिच्यावर नाव घालायचं धाडस मला झालं नाही. पावसाळा लागला आणि ती आपोआप विरघळून ताटलीत उतरली.

भांडं. हळूहळू मला हे लक्षात यायला लागलं की कवटी करायची म्हणजे भांडं करायचं. आपल्या भाषेला हे कधीचं ठाऊक आहे. संस्कृतात कपाल म्हणजे कवटी, आणि कपाल म्हणजे मातीचं पात्र, खापरीसुद्धा. यज्ञातला पुरोडाश, म्हणजे आहुतीचा पिठाचा रोट, कपालांवर भाजायचा. खर्पर म्हणजेही कवटी आणि भिक्षापात्र, त्याचंच आपलं खापर. मराठीत तेच कपाल होऊन बसलं कपाळ, ज्यावर आपण कुंकू लावतो, हात मारून घेतो, नशीब लिहिलेलं असतं म्हणतो. कवटी आणि करवंटी हे शब्द तर शेजारी ठेवले तर सख्ख्या बहिणी वाटतात. नारळाला तीन डोळे, शेंडी. देवापुढे आपण तो फोडतो. करवंटीवर काम करताना मला काहीच नव्याने आणावं लागत नाही. काथ्या काढायचा, काचपेपरने घासायचं, खोबरेलाचा हात द्यायचा. डोळे तिचे तिला असतात. मी फक्त दात कोरते.

आजी गेली तेव्हा आम्ही बायका लांब, स्मशानाच्या फाटकाशी उभ्या होतो. भाऊ खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरला. प्रत्येक फेरीला मडक्याला अश्म्याने एक भोक, पाण्याची धार. मग त्याने मडकं मागच्या मागे सोडलं. तो आवाज आमच्यापर्यंत आला. कपाळमोक्ष हा शब्द मला लहानपणापासून येत होता, त्या दिवशी तो कानाने ऐकला.

शोधायला निघालं की आपल्या आसपास पुष्कळ सापडतं. घारापुरीला अंधकासुराला मारणाऱ्या शिवाच्या मुकुटात कवटी आहे, अंगावर रुंडमाळ आहे. पण मला वेरूळचं रामेश्वर लेणं, क्रमांक २१, जास्त ओढतं. सहाव्या शतकाच्या अखेरचं हे काम. दारातल्या नदीदेवता, सप्तमातृका, सगळं भरल्या अंगाचं, रसरशीत. आणि त्या मातृकांच्या लगतच काल आणि काली, नुसते सापळे. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मी दोनदा तिथे अर्धा-अर्धा दिवस बसून रेखाटनं केली. कारागीर तोच, दगड तोच काळा बसाल्ट. ज्या छिन्नीने मातृकेचं पोट गोल केलं, त्याच छिन्नीने पलीकडे पोटाची खोल वाटी केली. कातळात खोदलेली लेणी म्हणजे तरी दुसरं काय, डोंगरातून डोंगर काढून टाकायचा आणि पोकळी ठेवायची. तिथे बसून मला माझ्या लिनोच्या तुकड्याची आठवण झाली आणि बरं वाटलं.

गोव्यात वेगळंच. जुन्या गोव्याच्या चर्चांमध्ये फरशीत थडग्यांचे दगड बसवलेले आहेत, आणि काहींवर कवटी व दोन हाडं कोरलेली आहेत, आमच्या डीपीसारखीच. शेकडो वर्षं पावलं पडून त्यांची नाकं, दात झिजून सपाट झालेत. गोव्याच्या कारागिरांनी केलेल्या हस्तिदंती क्रूसांवरही येशूच्या पायाशी एवढीशी कवटी असते. ज्या टेकडीवर त्याला क्रूसावर दिलं त्या गुलगुथ्याचा अर्थ मराठी बायबलात दिलाय, 'कवटीची जागा'; आणि आदाम तिथेच पुरलेला होता अशी जुनी समजूत, म्हणून ती आदामाची कवटी. ती कोरणारा कारागीर नखाएवढ्या हस्तिदंतातही खोबणी खोल करायला चुकत नाही.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं हान्स होल्बाइनचं १५३३ सालचं 'राजदूत' हे चित्र मी फक्त छापील पाहिलंय. दोन तालेवार माणसं आणि त्यांच्या पायाशी तिरका, ओढलेला एक राखाडी डाग. वर्गात मी मुलांना ते पान उजव्या कडेने, कागदाच्या पातळीला डोळा लावून बघायला सांगते. डाग आक्रसतो आणि कवटी होते. दरवर्षी एखादं मूल ओरडतंच. डेमियन हर्स्ट या इंग्रज कलावंताची २००७ सालची, ८,६०१ हिऱ्यांनी मढवलेली प्लॅटिनमची कवटी मला पटत नाही. पोकळी दिसूच नये इतका झगमगाट. त्या कवटीत एकच गोष्ट मला बोलते, ते दात. ते खऱ्या माणसाचे आहेत. त्यांच्याकडे बघितलं की मला ती पडलेली दाढ आठवते.

काही वर्षांपूर्वी एका गावातल्या कलादालनाने माझं प्रदर्शन ठरवून ऐनवेळी रद्द केलं. कारण दिलं, "श्रावणात असली चित्रं बरी दिसत नाहीत." मला वाईट वाटलं आणि रागही आला. शंकराच्या महिन्यात रुंडमाळ बरी दिसत नाही, हे मला कळलं नाही. पण रात्री फ्रेम कागदात गुंडाळताना आजीचा ओला हात आठवला. तिलाही ते बरं दिसलं नव्हतं. फरक एवढाच की तिने पुसलेली पाटी मला परत दिली होती.

गेल्या मे महिन्यात गावी गेले. डीपी बदललाय. नव्या खोक्यावर चकचकीत स्टिकर आहे, त्यावरची कवटी यंत्राने छापलेली. जुना बोर्ड जाळीच्या आत तणात पडला होता. वायरमनला विचारलं. "भंगारातच जाणार आहे, ताई, न्या," म्हणाला आणि स्वतःच काढून दिला.

घरी आणून रॉकेलच्या बोळ्याने माती पुसली. तेव्हा कळलं, ती छाप्याने मारलेली कवटी होती. पत्र्याचा छापा ठेवून लाल रंग मारलेला. छाप्यात डोळे सुटे राहत नाहीत, ते धरून ठेवायला मधे बारीक पट्टी ठेवावी लागते. त्या पट्टीच्या खुणा खोबणींपासून कपाळापर्यंत गेल्या होत्या, केसाएवढ्या पांढऱ्या रेघा. लाल रंगाच्या दोन थरांनी चेहरा इतकी वर्षं राखला होता. डोळ्यांवर मात्र एकच पांढरा हात होता, तिथून पाणी शिरलं आणि गंज आधी तिथेच चढला. आता दोन्ही डोळे तपकिरी काळे आहेत. उजव्या डोळ्यात तर पत्रा पार खाल्ला गेलाय. बोर्ड खिडकीसमोर धरला तर त्यातून समोरच्या अंगणातली तुळस दिसते.